अक्का माझ्या गोष्टींत मरायची

उदगीरच्या एका आडत्यामुळे माझी थोरली बहीण पहिल्यांदा भूत झाली.

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि उन्हाळ्याच्या सुटीत दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहायचो. दिवाळीत वाचायची भुतं मे महिन्यात तयार करावी लागतात, हे वाचकांना माहीत नसतं. बाहेर डांबर वितळतंय, कागदाला हाताचा घाम लागून शाई पसरतेय आणि आपण लिहायचं, 'त्याच्या पाठीतून थंडगार शिरशिरी गेली.' तर एका वर्षी मी उदगीरच्या मोंढ्यातल्या धान्याच्या एका गोदामात भूत घातलं. गोदाम खरंच होतं, येता-जाता पाहिलेलं. निळं दार, दारावरच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप, सगळं जसंच्या तसं लिहिलं. अस्सल वातावरण म्हणून मला त्याचा अभिमानही वाटला. दिवाळीनंतर गोदामाचे मालक अंक घेऊन माझ्या घरी आले. कपाळाला भस्म, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं अगदी मऊ. त्यांनी चहा घेतला, चिवडा खाल्ला, ताटलीतला शेवटचा शेंगदाणासुद्धा वेचला आणि मग अंक माझ्यापुढे सरकवला.

"सर, एवढं भूत काढून घ्या. शेतकरी आमच्याकडं तूर ठेवंनात."

गोष्ट काल्पनिक आहे, असं मी म्हणालो.

"ते मला कळतंय. तुरीवाल्याला कळंना," ते म्हणाले. "आन दुसरं आसं, आमच्या गळ्यात लिंग आसतंय. आमचं माणूस मेलं की शिवाकडं जातंय, गोदामात कशाला बसंल? एवढं तरी इचारून लिवायचं."

मला ते पटलं. त्या दिवशी ठरवलं, परक्याच्या घरात भूत घालायचं नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकांचं बरं असतं. ते कुठला तरी बंगला, कुठला तरी घाट लिहितात आणि तिथं कुणी राहत नसतं. आमच्याकडं प्रत्येक पडक्या भिंतीला मालक असतो आणि तो अंक विकत घेतो. त्या काळात नांदेड-लातूरकडं भयकथा लिहिणारे आम्ही चार-पाच जण होतो आणि सगळ्यांची हीच अडचण होती. अर्धापूरचा एक जण फक्त स्वतःच्या केळीच्या बागेत भुतं घालायचा. शेवटी त्याचेच गडी अंधार पडल्यावर घड उतरवायला जाईनात. दुसरा एक दर वर्षी सासऱ्याला मारायचा. सासरे धडधाकट होते आणि दर दिवाळीला जावयाकडं फराळाला येऊन स्वतःचं भूत मोठ्यानं वाचून दाखवायचे.

मी अक्काला विचारलं, तुला भूत केलं तर चालेल का. ती माझ्यापेक्षा बरीच मोठी, लातूरच्या दक्षिणेला एका खेड्यात दिलेली. दगड-मातीच्या जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं घर. दाजी एसटीत कंडक्टर होते, डेपो लांब नांदेडच्या बाजूला, त्यामुळं आठवड्यातून एखाद दिवस घरी यायचे. ते दारात आले की अक्का त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घ्यायची, न उघडता नुसती हातात तोलायची आणि म्हणायची, "डबा खाल्ला न्हाई तुम्ही." कधी चुकली नाही. दाजी मला म्हणायचे, "पाव्हणं, भूत करायला हिच्याएवढी लायक बाई मिळायची न्हाई."

अक्का लगेच तयार झाली, पण अटी घातल्या. लुगडं चांगलं पाहिजे, पांढरं तर मुळीच नको. केस मोकळे सोडायचे नाहीत. "केस सोडून हिंडती ती बाई भूत नसती, आळशी आसती." पाय उलटे चालणार नाहीत. "मग मी चालू कशी? लोक भिण्याच्या आधी मीच पडंन." अशी माझी भुतं वेणी घातलेली, सरळ पायांची आणि इरकली नेसलेली झाली. समीक्षक असते तर त्यांनी यात काहीतरी नवीन शोधून काढलं असतं. आमच्या प्रकाराला समीक्षक नसतात, ही त्यातली एक चांगली गोष्ट.

लिहून झालं की मी खेड्यात जाऊन तिला गोष्ट वाचून दाखवायचो. ती सुपात ज्वारी पाखडत ऐकायची. सूप चालू राहिलं तर गोष्ट फसली. सूप थांबलं की मी निर्धास्त अंकाकडं पाठवायचो. मधेच ती म्हणायची, "हे पटत न्हाई बाबा," आणि मला तेवढं पान परत लिहावं लागायचं. माझ्या भुतांचा नियम साधा होता: माणसाची इच्छा अपुरी राहिली की ते परत येतं आणि इच्छा पुरी झाली की कायमचं जातं. या एका नियमावर मी कितीतरी दिवाळ्या काढल्या. आणि प्रत्येक दिवाळीत अक्का मरायची.

अंक नांदेडला निघायचा. संपादक, मुद्रक, प्रकाशक एकच, जुन्या नांदेडातले एक छापखानेवाले. मी त्यांना चाचा म्हणायचो. तीन पिढ्यांचा छापखाना, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हा धंदा, आणि वर्षातून एकदा हौस म्हणून भयकथांचा अंक. चाचांचा स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. "मास्तर, आमच्यात भूत न्हाई, जिन आसतंय," ते खिळे जुळवता जुळवता सांगायचे. "पण जिनला मराठीत वाचक न्हाई. म्हणून तुमचं चालवून घेतो."

भाची दहावीला चांगली पास झाली आणि अक्कानं तिला अकरावीसाठी माझ्याकडं आणून ठेवलं. लातूरला तेव्हा नुकतं मेडिकलच्या क्लासांचं वारं लागलं होतं. आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. ज्यांच्या घरात जास्तीची खोली नव्हती त्यांनी जिन्याखाली खोली काढली. पहाटे पाचला रस्त्यावर नुसत्या सायकली. चौकाचौकांत बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो लागायचे, हार घातलेले, आणि बाहेरगावचा माणूस ते बघून क्षणभर टोपी काढायचा. यात मराठीचे मार्क मेडिकलला धरत नसल्यामुळं माझ्या तासाला कुणी बसत नव्हतं. मी वर्गात जायचो, हजेरी घ्यायचो, कुणाला दिसायचो नाही. भयकथेसाठी अनुभव म्हणून वाईट नव्हता.

त्यानंतर अक्का लेकीला भेटायला आली त्या दुपारी मी त्या वर्षीची गोष्ट वाचायला काढली. विषय मला फार ताजा वाटत होता. एक आई मरते. लेकीनं डॉक्टर व्हावं ही तिची इच्छा राहिलेली असते. मग ती प्रत्येक परीक्षेला येऊन लेकीच्या बाकावर शेजारी बसते. फक्त लेकीला दिसते. शेवटी लेक डॉक्टर होते, आई हसते आणि कायमची जाते. अक्का तांदूळ निवडत होती. भाची दाराशी बसून ऐकत होती. गोष्ट संपली आणि तिच्या क्लासची वेळ झाली म्हणून ती सायकल काढून गेली. अक्काचा हात तांदळात चालूच होता.

"पटलं न्हाई," ती म्हणाली.

"का?"

"आरं, मेल्यावर परत कोण येतंय? जलमभर राबायचं, मेल्यावर बी पोरीच्या परीक्षंला जाऊन बसायचं? मग मरायचं कशाला?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "मला लेकीकडं यायचं झालं तर जित्तेपणी येईन. तुझ्या दाजीचा पास हाय. एसटीनं फुकट येते, आन दोन दिस राहून जाते. भूत होऊन यायची मला काय गरज?"

मी म्हणालो, असं केलं तर गोष्टच होत नाही. ती म्हणाली, "न झाली तर न्हाई." तरीही मी गोष्ट तशीच नांदेडला धाडली. मुदत जवळ आली होती आणि लेखकाला बहिणीपेक्षा संपादक जवळचा वाटतो, असे काही दिवस असतात.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. लातुरात आम्ही उघड्यावर पळालो आणि उजाडेपर्यंत रस्त्यावर बसलो. दक्षिणेकडच्या खेड्यांची बातमी सकाळी आली. मी कसा पोहोचलो ते सांगत नाही. तिथं जे पाहिलं त्यावर मी कधी लिहिलं नाही आणि आताही लिहिणार नाही. माती आणि दगड यांचं घर होतं, ते माती आणि दगड झालं होतं. दाजींची त्या रात्री बिलोलीकडं मुक्कामी गाडी होती, म्हणून ते वाचले. भाची माझ्याकडं होती, म्हणून वाचली. अक्का घरी एकटी होती.

चार-सहा दिवसांनी मला आठवलं की नांदेडला ती गोष्ट छापली जात असेल. मी गेलो. छापखान्यात पाऊल टाकलं तर चाचा टाइपाच्या खणांपुढं बसून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकत होते.

"तुमची गोष्ट मोडली मास्तर," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "ऐकलं त्याच दिवशी मोडली. शेवटचं पान राहिलंय तेवढं."

मी शेजारी स्टुलावर बसलो. अक्का अक्षर अक्षर सुटी होऊन खणांत चालली होती. मी तिथं रडलो. चाचांनी काम थांबवलं नाही, फक्त पंखा माझ्याकडं वळवला. मोकळ्या झालेल्या पानांवर त्या वर्षी लातूरच्या एका क्लासची जाहिरात आली, शेजारी 'परीक्षेची भीती कशी घालवाल' असा लेख. वाचकांनी अंक बरा निघाला म्हणून कळवलं.

पुढचं वर्षभर मला पुण्या-मुंबईहून दोन-तीन अंकांनी विचारणा केली. भूकंपाच्या पार्श्वभूमीवर भयकथा पाहिजे होती. 'आपण त्या भागातले आहात, आपल्याला अनुभव असेलच,' असं एकानं लिहिलं होतं. वार्ताहरही यायचे आणि पत्र्याच्या शेडमधल्या लोकांना आडून आडून विचारायचे, रात्री काही आवाज वगैरे येतात का. लोक त्यांना चहा पाजायचे आणि काही नाही म्हणायचे. एवढी माणसं गेली, पण एकाही गावातून भुताची बातमी आली नाही. एक म्हातारा वार्ताहराला माझ्यासमोर म्हणाला, "यायला घर लागतंय की वो. भूत तरी कुठं यील?" वार्ताहरानं ते लिहून घेतलं नाही.

भाची माझ्याकडंच राहिली. पहाटे क्लासला जायची, दुपारी अभ्यास करायची, मामीला भाजी निवडून द्यायची. रडायची नाही. लोक म्हणायचे, पोरगी फार समजूतदार. मलाही तसंच वाटत होतं. दाजी मात्र येत नव्हते. चौदावा झाला तसे बिलोलीकडं गेले आणि डेपोच्या विश्रांतिगृहातच राहू लागले. कुठल्या तरी ड्रायव्हरच्या हाती शेंगा, मिरच्या, एखादं ड्रेसचं कापड पाठवायचे. स्वतः लातूरची गाडी घ्यायचे नाहीत.

बारावीचा निकाल लागला. भाचीला भौतिक, रसायन, गणित, सगळ्यांत उत्तम मार्क आणि जीवशास्त्रात नापास. क्लासचे सर त्याच दुपारी घरी आले. त्यांनी बोर्डावर हिच्या फोटोसाठी जागा ठेवली होती आणि ती आता मोकळी दिसत होती, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"फेरतपासणी करू सर. ही जीवशास्त्रात नापास होणं शक्य नाही. कुणाचा तरी घोळ आहे."

भाची लसूण सोलत होती. ती म्हणाली, "तपासायला काही न्हाई त्यात. मी कोराच दिला."

सर गेल्यावर ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. मी मागून गेलो आणि विचारलं, का.

तिनं एका चादरीची घडी केली. मग म्हणाली, "मामा, तुमच्या त्या गोष्टीत पोरगी डॉक्टर होती आन आई जाती. कायमची."

मला आधी कळलंच नाही कुठली गोष्ट. ती जगात आता कुठं नव्हती. खिळे सुटे झाले होते, हस्तलिखित मी फाडलं होतं. फक्त हिच्या डोक्यात ती शाबूत होती.

"मी पास झाले आसते तर आईची इच्छा पुरी झाली आसती," ती म्हणाली. "मग ती कशाला यील?"

"भुतं नसतात," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत कुठल्याही वाचकाला मी हे सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही दर वर्षाला काय लिवताव?"

"ते खोटं असतं."

"खोट्याला चार-चार डाव कशाला खोडताव मग? आई पटलं न्हाई म्हणली की परत लिवायचाव. खोट्याला पटायचं काय लागतंय?"

मराठी भयकथेला आजवर कुणी विचारला नसेल असा प्रश्न माझ्या भाचीनं हातात पेटीकोट धरून विचारला.

"डॉक्टर व्हायला जीवशास्त्र लागतंय, म्हणून त्याच पेपरला मी वाट बघितली," ती पुढं म्हणाली. "गोष्टीत ती बाकावर येऊन बसती. मी सरकून बसले होते. म्हणलं, लिवाय लागले तर येणार न्हाई. म्हणून थांबले. मग घंटा झाली."

मला त्या क्षणी राग आला, आणि तो कुणाचा, तर अक्काचा. पोरगी बाकावर जागा करून बसली होती. तुला एकदा यायला काय झालं होतं, असं मला खरोखर वाटलं. भुतं नसतात हे सांगून अजून मिनिट झालं नव्हतं.

परत परीक्षेला बसणार नाही, असं तिनं शांतपणे सांगून टाकलं. इच्छा अपुरी ठेवायची म्हणजे ठेवायची. क्लासचे सर येऊन गेले, कॉलेजच्या प्राचार्या येऊन गेल्या, माझ्या बायकोनं हात जोडले. पोरगी सगळ्यांना हो म्हणायची आणि पुस्तक उघडायची नाही. तिच्या आयुष्याचं वाटोळं माझ्या एका फालतू नियमावर होत होतं, आणि तो नियम तोडायला माझ्याकडं कुठलंच हत्यार नव्हतं. शेवटी मला अक्काचं ते बोलणं आठवलं. भाची क्लासला निघून गेल्यानंतरचं, तिनं न ऐकलेलं. मी तिला समोर बसवून जसंच्या तसं सांगितलं, खड्यासकट. मेल्यावर परत कोण येतंय, मला यायचं झालं तर जित्तेपणी येईन, दाजीचा पास हाय, एसटीनं फुकट येते.

"आसं म्हणली?"

"शब्द न् शब्द."

ती हसली. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. "पासचं तर ती सगळ्यालाच सांगायची," म्हणाली. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी घरात नाही. शोधत शोधत मी स्टँडवर गेलो. अक्काच्या खेड्याकडून येणारी गाडी जिथं लागते, त्या बाकावर ती बसली होती.

"इथं कशाला?"

"एसटीनं येईन म्हणली ना."

"अगं, जित्तेपणी म्हणाली ती."

"मला कळतंय मामा. मी येडी न्हाई," ती म्हणाली. "बसायला काय जातंय?"

गाडी आली, माणसं उतरली, पोती उतरली, एक कोंबड्यांची पाटी उतरली. मग आम्ही घरी आलो. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुम्ही मेहेरबानी करून या घरात एकही गोष्ट सांगू नका." भाची रोज जाऊ लागली. एक नियम मोडायला गेलो आणि त्या जागी दुसरा देऊन बसलो. अशी चूक भयकथा लिहिणाऱ्याच्याच हातून होते, दुसऱ्या कुणाच्या मामाला जमणार नाही.

मग मी बिलोलीला गेलो. दाजी स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. खाकी सैल झाली होती. मला बघून उठले, माझ्यासाठी चहा सांगितला आणि लातूरच्या पावसापाण्याचं विचारलं. लेकीचं विचारलं नाही.

"दाजी, तुम्ही घरी का येत नाही?"

"ती दिसायला आईवर गेली पाव्हणं," ते म्हणाले. "दारात आल्या आल्या तोंड दिसतंय." थोडा वेळ त्यांनी बशी फिरवली. "आन त्या राती माझी मुक्कामी होती. मी घरी आसतो तर..."

"असता तर तुम्हीही गेला असता."

"तेच तर म्हणतोय मी," दाजी म्हणाले.

मी त्यांना कोऱ्या पेपरचं सांगितलं, बाकावर सरकून बसल्याचं, रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसण्याचं. काही सल्ला दिला नाही. जे घडलं तेवढंच सांगितलं, माझ्या धंद्यात हे फार क्वचित करतात. त्यांनी चहाचे पैसे दिले. मग त्यांच्या गाडीची वेळ झाली. "ड्यूटी हाय," म्हणाले, डब्याची पिशवी उचलली, गाडीत चढले आणि घंटी मारली. मी धुळीत उभा राहिलो. परतीच्या गाडीत मला वाटत होतं, आता या पोरीचं काही खरं नाही.

त्यानंतर आठवडा गेला असेल. मीही आता संध्याकाळी तिच्याबरोबर जाऊन बसायचो. एकटीला कसं सोडायचं, असं बायकोला सांगायचो. खरं कारण हे की खेड्याची गाडी आली की मीही उतरणाऱ्या बायकांच्या लुगड्यांकडं बघायचो. त्या दिवशी गाडी आली, रिकामी झाली, निघूनही गेली. चांगला लखलखीत उजेड होता. आम्ही उठणार तेवढ्यात शेजारच्या फलाटाला नांदेडची गाडी लागली. माणसं उतरली, ड्रायव्हर उतरला. सगळ्यांत शेवटी कंडक्टर उतरला.

दाजी आमच्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणाले, "आज मुक्कामी हाय. लातूरची मागून घेतली."

भाची उठली. ती त्यांच्या गळ्यात पडली नाही की रडली नाही. तिनं हात पुढं करून त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, न उघडता नुसती तोलली आणि म्हणाली, "डबा खाल्ला न्हाई तुम्ही."

दाजी बाकावर बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड झाकून घेतलं. माझ्या अंगावर काटा आला. 'अंगावर काटा' हे दोन शब्द मी आयुष्यभर कागदावर लिहीत आलो होतो, दर उन्हाळ्यात, घाम पुसत. खरोखरचा काटा कसा येतो ते मला लातूरच्या स्टँडवर कळलं. भाची वडिलांच्या शेजारी बसली आणि मग मात्र रडली, पिशवी मांडीवर धरून, भरपूर वेळ. पोती उतरवणारे हमालही आमच्या बाकाला वळसा घालून जात होते.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. वाटेत एका चौकात क्लासच्या बोर्डावर हार घातलेले फोटो होते. त्यांच्याखालून जाताना ती वडिलांना म्हणाली, "मार्चला परत बसते मी." दाजी म्हणाले, "बस." घरी पोहोचल्यावर माझी बायको गरम वाढायला उठली, तर दाजींनी तिला थांबवलं, पाटावर बसले आणि लेकीसमोर आधी तो गार डबा संपवला.